अकराशे अकरा, पाया सात

औषधांच्या कारखान्यात मी आणि सातताई एकाच टेबलावर गोळ्या भरायचो. पट्टीत सात गोळ्या, पाकिटात सात पट्ट्या, खोक्यात सात पाकिटं. एकवीस वर्षं सातानेच मोजलं, म्हणून ती सातताई.

एकदा ओला झालेला माल परत आला. चिठ्ठीवर होतं : खोकं १, पाकीट १, पट्टी १, सुटी गोळी १. पट्ट्या फोडून गोळ्या तपासणीच्या ताटात मांडायच्या होत्या. ताटाला वीस ओळी, ओळीत वीस खळगे. शेवटची गोळी शेवटच्या खळग्यात बसली आणि ताई थबकली.

"अगं, चारशे! चिठ्ठीवर चार एक्के, आणि भरला बरोब्बर वीसचा चौकोन."

तिचा मोठा भाऊ कॉलेजात गणिताचा प्राध्यापक. आईने अंथरूण धरलं तेव्हा शाळा सुटली ती ताईची. दादाचं शिक्षण सुरूच राहिलं. ती कामावर असताना शेजारीण आईकडे बघायची, एरवी सगळं ताईकडे. त्या संध्याकाळी दादा आईला बघायला आला, तेव्हा तिने त्याला चिठ्ठी दाखवली.

"दादा, सातांऐवजी आठ-आठ, नऊ-नऊ असे गठ्ठे केले, तर चार एक्क्यांचा चौकोन होतो का रे कुठे?"

"त्याला पाया बदलणं म्हणतात. शोध की! छान आहे."

ती शोधू लागली. पाया सहा घेतला तर २५९. सोळाचा वर्ग २५६. तीनने हुकलं! आठाला ५८५, नऊला ८२०. आईला भरवता भरवता हिची वही उघडी. अकरा वर्षांत पाया चार हजारांच्या पुढे गेला. दादा आला की विचारायचा, "कुठवर आलीस?" आणि ती शाळकरी मुलीसारखी फुलायची.

आई गेली. तेराव्या दिवशी दादाची मुलगी वह्या चाळत म्हणाली, "आत्या, हे कशाला करतेस? साताशिवाय दुसरा पाया नाहीच. कधीच सिद्ध झालंय. बाबांनीच मला सांगितलं होतं, मी दहावीत होते तेव्हा."

ताईने दादाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"तू विचारलंस तेव्हाच." दादा चष्मा पुसत राहिला. "तुझा वेळ जात होता ना चांगला? आईजवळ कुणीतरी बसायला हवंच होतं. उगाच तुला पुन्हा शिकायचं खूळ लागलं असतं तर?"

"मग सिद्धता तरी दाखव आता."

"तुला नाही झेपायची."

भाचीने दाखवली. ताईला दोन महिने लागले, पण समजली. त्या आनंदाला काही चव नव्हती. मला म्हणाली, "अकरा वर्षं त्याने मला खुळखुळा दिला होता गं, आणि मी वाजवत बसले."

कारखान्याजवळ खोली घेऊन ती एकटी राहू लागली. मागच्या महिन्यात वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दादाचा फोन कारखान्यातच आला. मी शेजारीच होते.

"महिनाभर ये. घरचं माणूस हवं."

"रजा नाही," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

तिच्या खात्यावर बावन्न दिवस रजा शिल्लक होती.