तावडेबाईंनी नातीसाठी कोर्स निवडला

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर सुगंधा तावडे राहतात. आता सत्तरीच्या आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळी काठी घेऊन गेटपर्यंत जाऊन येतात. नव्याने राहायला आलेल्यांना त्या फक्त राजेशची आई म्हणून माहीत आहेत. पण आमच्या वयाच्या बायका त्यांना अजून 'बाई' म्हणतात, कारण मुलुंड-भांडुपच्या कितीतरी बायकांचे हात पहिल्यांदा स्टीअरिंगवर ठेवले ते त्यांनी. त्यात मीही आले. १९९८ साली, बँकेतून अर्धा दिवस रजा टाकून मी त्यांच्या फियाटमध्ये बसले होते आणि पहिले तीन दिवस नुसती घाम पुसत होते.

ड्रायव्हिंग स्कूल मुळात त्यांचं नव्हतं, त्यांच्या यजमानांचं होतं. अनंत तावडे. सासरे गिरणीत होते, गिरणी बंद पडली, आणि मुलाने गिरणीचा रस्ता धरायचा नाही असं घरात ठरलं. अनंतरावांनी काही वर्षं एका शेटची गाडी चालवली आणि मग सेकंडहँड फियाट घेऊन स्वतःचं स्कूल काढलं. डाव्या बाजूच्या सीटखाली शिकवणाऱ्यासाठी वेगळा क्लच आणि ब्रेक बसवून घेतला. बाई भांडुपच्या दोन खोल्यांत बसून लोकांचे फॉर्म भरायच्या, फोटो चिकटवायच्या. गाडीत त्या कायम मागच्या सीटवर.

१९८९ च्या फेब्रुवारीत अनंतराव पद्मजा केळकर नावाच्या एका शाळामास्तरणीला शिकवत होते. तिचा बारावा दिवस. मुलुंडच्या पाच रस्ता चौकाच्या अलीकडे त्यांचा डावा हात एकदम मांडीवरून घसरला आणि तोंड वाकडं झालं. पद्मजाने तोपर्यंत दुसऱ्या गिअरच्या पुढे गाडी कधी नेलीच नव्हती. तिने गाडी थांबवली नाही. दुसऱ्याच गिअरमध्ये, हॉर्न वाजवत, ती सरळ हॉस्पिटलच्या दारात घेऊन गेली. वाटेत अनंतराव जड जिभेने एकच शब्द म्हणत होते, "सावकाश, सावकाश." ते स्वतःला म्हणत होते की तिला, हे पद्मजाला शेवटपर्यंत कळलं नाही.

अनंतराव वाचले, पण डावं अंग गेलं. गाडी दारात उभी राहिली. राजेश तेव्हा दहा वर्षांचा होता.

पुढचं लोकांना ढोबळ माहीत आहे. अनंतरावांच्या मावसभावाने काही वर्षं स्कूल चालू ठेवलं. बाई रोज सकाळी गाडी धुवायच्या, त्याच्यापर्यंत स्वतः चालवत न्यायच्या, आणि तो शिकवत असताना मागे बसून ऐकायच्या. शिकवायचं तर पाच वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव लागायचा, मोटर मेकॅनिकचं सर्टिफिकेट लागायचं. ते सगळं त्यांनी केलं. कोर्सच्या वर्गात अठरा मुलगे आणि चाळिशीच्या आसपासच्या या एकट्या बाई, हातात पाना. १९९५ पासून त्या डाव्या सीटवर बसायला लागल्या आणि २०२० मध्ये सगळंच बंद झालं तेव्हा उतरल्या. मधल्या काळात अनंतराव गेले, फियाट जाऊन मारुती आली, भांडुप सुटून मुलुंड आलं.

मला ही सगळी माणसं पुन्हा आठवायचं कारण म्हणजे बाईंची नात दिशा.

यंदा दिशाची बारावी झाली. जूनमध्ये अठरा पूर्ण होणार, म्हणून एप्रिलपासूनच तिला लायसन्सचे वेध लागले. राजेश अंधेरीला नोकरीला, घरी यायला त्याला आठ-साडेआठ होतात. त्याने आणि श्वेताने, म्हणजे त्याच्या बायकोने, ठरवलं की नियम, चिन्हं, गाडीची माहिती हे सगळं दिशाने सुट्टीत ऑनलाइन कोर्स करून शिकायचं, लर्निंग लायसन्सची परीक्षाही आता घरबसल्या देता येते ती द्यायची, आणि मग प्रत्यक्ष गाडीसाठी जवळचं एखादं स्कूल लावायचं. ठरवण्यात चूक काहीच नव्हती. फक्त हे ठरलं तेव्हा बाई शेजारच्या खोलीत शेंगा सोलत होत्या आणि कुणी त्यांना हाक मारली नाही.

त्या मला गेटजवळ भेटल्या तेव्हा नेहमीसारखं गुडघ्याबद्दल बोलल्या, मग म्हणाल्या, "दिशूसाठी मोबाइलवरची मास्तरीण बघतायत." आणि काठी टेकत घराकडे वळल्या.

दोनच दिवसांनी श्वेता माझ्याकडे तीन कोर्सची नावं घेऊन आली. माझ्या मुलीने असाच काही कोर्स केला होता का, यातला कुठला बरा, असं विचारत होती. सगळ्यांनाच चांगले तारे मिळालेले, सगळ्यांखाली लोकांनी छान छान लिहिलेलं, मग निवडायचं कसं? मी तिला म्हटलं, "श्वेता, तुझ्या घरात पंचवीस वर्षं हेच काम केलेलं माणूस आहे आणि तू मला विचारतेस?"

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, आईंना त्रास नको म्हणून विचारलं नाही, आधीच गाडी सुटल्याचं त्यांच्या मनाला लागलंय. तिचंही खोटं नव्हतं. माणसं एकमेकांना जपायला जातात आणि त्यातच दुखावतात, हे मी आमच्याही घरात बघितलंय.

रविवारी सकाळी दिशा मला बोलवायला आली. "आजीने तुम्हालाही बोलावलंय, ती म्हणते घाबरणारी एक बाई हवी." मी गेले. हॉलमध्ये टेबलावर लॅपटॉप उघडा, बाजूला चहा, आणि बाई इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून बसलेल्या. पूर्वी आरटीओत जायच्या दिवशी त्या अशाच तयार व्हायच्या.

तिन्ही कोर्सचे दोन-दोन धडे फुकट बघता येत होते. दिशाने पहिला लावला. एक देखणा तरुण, मागे संगीत, गाड्या इकडून तिकडे पळतायत, तो इतक्या झरझर बोलत होता की दिशा हसत होती. बाईंनी पाच मिनिटं बघितलं. म्हणाल्या, मुलगा हुशार आहे, पण त्याला गाडी आवडते, शिकणारा आवडत नाही. बंद कर.

दुसऱ्यात नुसते प्रश्न होते. चिन्ह दाखवायचं, चार उत्तरं, बरोबर आलं की टाळ्यांचा आवाज. दिशाने वीसपैकी सतरा बरोबर दिले आणि खूश झाली. तिला हाच हवा होता, उघड होतं. बाईंनी तिला विचारलं, "तू गाडी पार्क केलीस. आता दार उघडायच्या आधी काय करशील?" दिशा म्हणाली, बेल्ट काढेन. "आणि मागून सायकलवाला येतोय, तो?" दिशाने नकळत मागे वळून बघितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तो प्रश्न या कोर्सच्या यादीत शोधायला सांगितला. तिथे तो नव्हता. म्हणाल्या, हा परीक्षेत पास करेल. मला तू रस्त्यावर पास व्हायला हवी आहेस.

तिसरा कोर्स दिसायला अगदी साधा. पन्नाशीच्या एक बाई, सुती साडी, मागे पिवळी भिंत, आवाजही थोडा घोगरा. दिशाने मला डोळ्यांनी खुणावलं, कंटाळवाणं आहे म्हणून. पहिल्या धड्यात गाडी दिसलीच नाही. त्या बाई म्हणाल्या की खुर्चीवर बसा, पायाखाली जमिनीवर तीन जागा ठरवा, डावी क्लचची, मधली ब्रेकची, उजवी अॅक्सिलरेटरची, आणि डोळे मिटून मी सांगेन तसे पाय हलवा. गाडी नंतर येईल, आधी पायांना त्यांची घरं कळू देत.

तावडेबाई पुढे सरकल्या. हात वर करून त्यांनी थांबवायला सांगितलं. दिशाने व्हिडिओ थांबवला. बाई बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे बघत होत्या. मला वाटलं, काहीतरी चूक सापडली.

"तुझ्या आजोबांनी मला गाडी अशीच शिकवली," त्या म्हणाल्या. "गाडीत नाही. घरात."

हे मलाही माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलमधून आल्यावर अनंतरावांना गाडीपर्यंत नेणं शक्य नव्हतं. जिना होता. दुसऱ्या कुणाकडे शिकायला जायचं म्हणजे ओळखीच्याच पुरुषांकडे जायचं, ते बाईंना नको होतं. मग एका दुपारी अनंतराव म्हणाले, खुर्ची आण. आपल्या पलंगाला लागून, उजव्या हाताला त्यांनी खुर्ची ठेवायला लावली. तिच्यासमोर जमिनीवर तीन चपला. मांडीवर परात, ते स्टीअरिंग. आणि गिअर म्हणून त्यांनी स्वतःच्या चालत्या हातात, उजव्या हातात, लाटणं आडवं धरलं. फियाटचा गिअर स्टीअरिंगपाशीच असायचा. बाईंनी डाव्या हाताने ते लाटणं ढकलायचं आणि अनंतरावांनी पलीकडून गिअरसारखा जोर लावायचा. चुकीच्या वेळी क्लच सोडला की ते लाटणं घट्ट धरून ठेवायचे, गिअर पडायचाच नाही.

"मी सारखी खाली चपलांकडे बघायची," बाई म्हणाल्या. "मग ते म्हणायचे, पायांकडे बघू नको गो, रस्त्यार बघ. मी म्हणायचे, रस्ता कुठेय, समोर तर मांडणी आहे. तर म्हणायचे, ती मांडणी म्हणजे बस आहे, ती थांबली, आता तू काय करशील?"

प्रत्यक्ष गाडीवर बसायच्या आधी दीड महिना हे चाललं. राजेश शाळेतून आला की तो पादचारी व्हायचा. मध्येच खोलीतून आडवा पळायचा आणि आई ब्रेकवर, म्हणजे मधल्या चपलेवर, पाय आपटायची. खालच्या मजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार घेऊन आले होते. हे सांगताना बाई हसल्या. म्हणाल्या, "आजारपणानंतर ते फार बोलायचे नाहीत. त्या दीड महिन्यात मात्र खूप बोलले. लग्न झाल्यापासून आम्ही एवढा वेळ शेजारी शेजारी कधी बसलोच नव्हतो."

राजेश मघापासून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. तो म्हणाला, "मी विसरलोच होतो गं आई. मी धावायचो." आणि येऊन तिच्याजवळ बसला. कोर्स ठरवताना तिला विचारलं नाही, त्याबद्दल तो काही बोलला नाही. त्या घरात तशी पद्धत नाही. त्याने तिचा गार झालेला चहा उचलला आणि गरम करून आणला.

कोर्स अर्थातच तिसरा ठरला. दिशाने थोडी कुरकुर केली, मैत्रिणी दुसरा करतायत म्हणाली. पण खुर्चीवर बसायला तिने नकार दिला नाही. मे महिनाभर रोज सकाळी नऊ वाजता लॅपटॉपवर घोगऱ्या आवाजाच्या त्या बाई, खुर्चीवर दिशा, आणि तिच्या डाव्या बाजूला आजी. कोर्समधली बाई जिथे भराभर पुढे जायची तिथे आजी थांबवायची. गाडी चढावर मागे सरकते तेव्हा पोटात काय होतं, मागचे सगळे हॉर्न वाजवतात तेव्हा कुणाचं ऐकायचं, हे कुठल्याच कोर्सात नसतं. ते मी स्टीअरिंगवर बसून ऐकलंय, त्यांच्याच तोंडून, एलबीएस रोडवर भर रहदारीत गाडी बंद पाडून रडकुंडीला आले होते तेव्हा. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "त्यांना हॉर्न आहे, तुला वेळ आहे."

शेवटी बाईंनी दिशाकडून त्या कोर्सवाल्या बाईंना एक लांबलचक मेल लिहून घेतला. काय चांगलं आहे ते आधी, मग सहा दुरुस्त्या. दार उघडण्याची गोष्ट त्यात पहिली. आठवड्याने त्या बाईंचा नाशिकहून फोन आला. पाऊण तास दोघी बोलत होत्या. घाबरणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी काय बोलायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही, यावर. श्वेता सांगत होती की फोन ठेवल्यावर आई बराच वेळ उगाचच खोलीत फेऱ्या मारत होत्या, काठी न घेता.

दिशा जूनमध्ये लर्निंगची परीक्षा पास झाली. प्रत्यक्ष गाडी एका स्कूलमध्ये शिकली, सप्टेंबरमध्ये पक्कं लायसन्स आलं. मागच्या रविवारी तिने आजीला भांडुपला, आजीच्याच भावाकडे नेलं. राजेश पुढे बसला, बाई मागे.

परत आल्यावर त्या जिन्यात भेटल्या तेव्हा दिशाच्या गाडी चालवण्याबद्दल फार काही बोलल्या नाहीत. बरी चालवते, आरसा कमी बघते, एवढंच. त्या दुसऱ्याच गोष्टीने चकित झाल्या होत्या. पंचवीस वर्षं त्या रस्त्याने त्या दिवसाला आठ-आठ वेळा गेल्या, पण एक डोळा पुढच्या गाडीवर आणि एक शिकणाऱ्याच्या पायांवर. आज पहिल्यांदा काचेतून बाजूला बघता आलं. मेट्रोच्या खांबांमधून त्या एकेक पाटी वाचत गेल्या. ओळखीची पिठाची गिरणी शोधत होत्या, तिथे चष्म्याचं दुकान होतं. एका वळणावर जुना गुलमोहर दिसला. "एवढा मोठा गुलमोहर," त्या म्हणाल्या, "आणि मी तो कधी बघितलाच नव्हता गं. तिथे आम्ही यू-टर्न शिकवायचो."