जांभळ्या केसरांचं फूल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे निम्मं सांगितलंय — मित्रांत, चहाच्या टपरीवर, हशा वसूल करत. उरलेलं निम्मं गिळत आलो. तुम्हीही हसा, हरकत नाही. फक्त मधेच उठून जाऊ नका.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नोकरी सातपूरच्या कारखान्यात, आणि डोक्यात खूळ फोटोंचं. तेही कसलं? माणसं नाहीत, डोंगर नाहीत — मुंगीच्या मिशा, मिठाचा खडा, गवतफुलाचा घसा! साधी लेन्स कॅमेऱ्याला उलटी लावायची, मधे ओळखीच्या टर्नरकडून लेथवर करून घेतलेली नळी, की तीळ भोपळ्याएवढा दिसायचा. अडचण एकच. नुसता श्वास सोडला तरी फोटो हलायचा. आणि अंजनेरीच्या पठारावरचा श्रावणातला वारा काय माझ्यासाठी थांबणार होता?

तर एका रविवारी जवळजवळ अख्खा रोल तिथल्या रानफुलांवर घालवला. घरी आलो तेव्हा दोन फोटो शिल्लक. वाया कसे घालवायचे? मोरीच्या खिडकीत बायकोचा झिजलेला टूथब्रश होता. जांभळे केस पिंजारलेले, टोकांना पेस्टचे वाळलेले कण. मागे हिरवा मग ठेवला आणि दाबलं बटण.

प्रिंट आल्या. अंजनेरीची झाडून सगळी फुलं हललेली. ब्रश मात्र — काय सांगू! जांभळे केसर, त्यांच्या टोकांवर पांढरे पराग, मागे हिरवं धुकं. देठ कुठे, दांडा कुठे, काही कळत नव्हतं.

ते पाकीट घेऊन मी भालेराव सरांकडे गेलो. शाळेत त्यांनी आम्हाला जीवशास्त्र शिकवलं. माझी जास्वंदीची आकृती वर्गाला दाखवून म्हणाले होते, "हे फूल नाही लेका, हा छताचा पंखा आहे." आता निवृत्त होऊन पंचवटीत राहत होते. एकेक प्रिंट बाजूला सारत ते ब्रशपाशी थांबले.

"हे कुठलं रे?"

"अंजनेरीचं, सर."

गंमत होती हो! पंख्याची परतफेड. पाच मिनिटांत खरं सांगणारच होतो. पण सरांनी चष्मा काढला, भिंग आणलं, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं, ये, बघ तरी! आयुष्यभर तो डोंगर चढलो, आणि हे मला दिसलंच नाही!" सांगा, त्या आवाजापुढे 'ब्रश' हा शब्द तोंडातून कसा काढायचा?

मित्रांना मी इथपर्यंतच सांगतो.

पुढे सर दर रविवारी त्र्यंबकच्या एसटीत बसून अंजनेरी फाट्यावर उतरू लागले. गुडघ्यांना पट्टे बांधून. एकदा मलाही ओढून नेलं. मी एका कातळाकडे बोट केलं — "इथेच कुठेतरी." सर चिखलात गुडघे टेकून भिंगातून गवत बघत बसले, आणि मी? मी छत्री धरली. घरी फोन वाजला की मी मोरीत शिरायचो, उचलायची बायको. बायको म्हणायची, "अहो, सांगून टाका. नाहीतर मीच जाऊन सांगते, त्या फुलाने मी वर्षभर दात घासलेत!" एकदा तर देवाला म्हटलं, उगव ना बाबा एखादं तसलं, तुला काय अवघड आहे?

नाही उगवलं.

मग कॉलेज रोडच्या एका हॉलमध्ये झाडाफुलांची आवड असणाऱ्यांची सभा झाली. सरांनी त्या फोटोची स्लाइड करून पडद्यावर दाखवली. पुण्याहून आलेल्या एका तरुण प्राध्यापकांनी विचारलं, "नमुना कुठे आहे?" सर म्हणाले, "नमुना नाही. पण फोटो काढणारा इथेच बसलाय. माझा विद्यार्थी आहे, तो खोटं सांगणार नाही." सगळ्या माना वळल्या. मी उठलो. आणि म्हणालो —

म्हणालो, "मी अंजनेरीचं असं कुठे म्हटलं होतं? सरांच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल."

हे ते निम्मं.

मागे कुणीतरी हसलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग म्हणाले, "असेल. वय झालं आता. माझंच चुकलं." आणि त्यांनी पुढची स्लाइड लावायला सांगितली.

त्यानंतर सर असल्या सभांना गेले नाहीत, अंजनेरीलाही नाहीत. काही वर्षांनी ते वारले. चूक त्यांच्याच नावावर राहिली.

सभेच्या त्या संध्याकाळी त्यांना घरी सोडायला मीच गेलो होतो — दुसरं कोण जाणार? स्कूटरवर मागे सर, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. पंचवटीपर्यंत सगळे सिग्नल लाल लागले. दरवेळी मी तोंड उघडलं, आणि हिरवा दिवा लागला की मिटलं. दारात उतरताना सर म्हणाले, "पोचलास की एक फोन कर रे. पाऊस आहे, काळजी वाटते."

तो फोनही मी केला नाही.