इब्राहीमभाऊच्या फळीवरचे हात

तुमच्या घरचा विळा कोणाच्या हाताच्या मापाने बनला आहे, हे कधी पाहिलंत काय? नाही पाहिलं. बाजारातून आणला, कापत सुटलात. फोड आले तेव्हा हातालाच नाजूक म्हणालात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावापासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथला इब्राहीम मिस्त्री. वय बावन्न. तो बाविशीत असताना आरा मशीनने त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट नेलं. मालकाने बांधायला फडकं दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस ठेवला. उरलेल्या तीन बोटांत कोणतंच अवजार बसेना. तेव्हा त्याने वारुळाची माती मळली, गोळा मुठीत दाबला, सावलीत वाळवला आणि त्या खळग्यांबरहुकूम लाकूड तासायच्या वाकसाची मूठ कोरून घेतली. हात पुन्हा कामाला लागला.

दुसरी मूठ गिरजाबाईची. गिरजाबाई आमच्या बौद्ध वस्तीतली, धानकापणीत चार बायांचं काम एकटी उरकणारी. तिचा हात लहान, विळा मात्र पुरुषाच्या मापाचा. इब्राहीमभाऊने तिच्या हातात मातीचा गोळा दिला. म्हणाला, "विळा धरतेस तसा धर बाई. नवऱ्याचा गळा धरतेस तसा नोको."

"त्याले तं दोन गोळे लागतील," ती म्हणाली.

मग सारा गाव येऊ लागला. भिंतीवरच्या फळीवर मातीच्या मुठींची रांग लागली, साठेक तरी. नावं लिहिलेली नाहीत, कारण त्याला लिहिता येत नाही. खळगे पाहून तो ओळखतो. त्याचा एक नेम आहे: माणूस जिता आहे तोवर त्याची माती फोडायची नाही. माणूस गेला की ती तलावात सोडायची.

हा नेमच त्याला नडला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या ठाण्यावर नवा फौजदार आला. नाव लिहीत नाही, भिऊन नव्हे, वकिलाने मना केलं म्हणून. त्याचा पंजा लहान, बोटं आखूड. सरकारी रिव्हॉल्वरची मूठ त्याला जाड पडायची. चापापर्यंत बोट न्यावं तर पकड ढिली, पकड आवळावी तर बोट पोचत नाही. चांदमारीत, नेमबाजीच्या सरावात, गोळ्या डावीकडे जात आणि शिपाई तोंड फिरवून हसत. कोणीतरी त्याला इब्राहीमभाऊचं नाव सांगितलं. एका दुपारी तो साध्या कपड्यांत आला.

भाऊने त्यालाही मातीचा गोळा दिला. "बोट चापावर असते तसं सरळ ठेवा साहेब. बाकीची तीन गुंडाळा. खांदा ढिला सोडा, इथी कोणी पळून नाई राह्यलं."

आठ दिवसांनी शिसमाची मूठ तयार झाली. अंगठ्याच्या बेचकीत टेकणारी, करंगळीला हक्काची जागा देणारी. फौजदाराने ती बसवून रिव्हॉल्वर उचललं, खाली केलं, पुन्हा उचललं. म्हणाला, "आता हातात काही आहे असं वाटतच नाही." आणि निघताना, "ती माती फोडून टाक."

"जित्या माणसाचा हात फोडत नसते साहेब."

फौजदार हसला. कारागिराचं खूळ समजून सोडून दिलं त्याने.

मला कळलं तेव्हा मी भाऊला नको तसं बोललो. "पोलिसाची लाठी खाते आपण अन् मूठ त्याले काऊन करून देली?"

भाऊ रंधा चालवत राहिला. "सलते तं साऱ्याईच्याच हाताले सलते." मग हात थांबवून म्हणाला, "पण विळा हातात हाये हे बाई विसरली की मले बरं वाटते. हा विसरला, तं मले झोप काऊन नाई येत?"

 

यंदा जंगलात बंदूकवाल्यांचा वावर वाढला, तशा गावोगावी झडत्या सुरू झाल्या. दिवाळीआधी बाहेरचं एक पथक आमच्या गावात आलं, वाट दाखवायला हाच फौजदार. पथकाच्या साहेबाला फळीवर ती एक मूठ दिसली. बाकी साऱ्या गोल, हिचं एक बोट पुढे निघालेलं. "ही बंदूक धरणाऱ्याची. कोणाची?"

भाऊने सरळ सांगितलं, "या साहेबाची."

साऱ्यांनी फौजदाराकडे पाहिलं. सरकारी हत्यारात परस्पर बदल केल्याचं कबूल केलं तर त्याच्यावर चौकशी बसली असती. कमरेच्या रिव्हॉल्वरला जुनीच मूठ होती. शिसमाची कुठे गेली, तोच जाणे. तो म्हणाला, "मी ह्या माणसाला ओळखत नाही."

जंगलातल्या लोकांच्या बंदुकांना मुठी बनवतो, असा आरोप ठेवून भाऊला नेलं. माती पोत्यात भरताना शिपायाने पोतं आपटलं, तशी एक मूठ फुटून बाहेर पडली. भाऊ मला ओरडून म्हणाला, "गिरजाबाईची फुटली. पाहून ये."

मी असल्या गोष्टी मानत नाही. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहेत. तरी धावलो. गिरजाबाई शेताच्या बांधीत वाकून धान कापत होती. धापा टाकत सांगितलं तर ती कंबर धरून उभी राहिली. "मूठ फुटली, मी कुठी फुटली?" मग विळ्याकडे पाहत राहिली. "त्याले मारते का रे तिथी?"

ठाण्यात जाऊन मी आवाज चढवला, त्याचा उपयोग एवढाच झाला की माझंही नाव लिहिलं गेलं. वकील मला म्हणतात, कोर्टात तुम्ही तोंड उघडू नका. फौजदाराने त्या मातीच्या खळग्यांत बोटं बसवून दाखवावीत अशी मागणी ते करणार आहेत. पण पोतं ठाण्यात आहे आणि माती पाण्यात विरघळते, हे फौजदारालाही कळतं. म्हणून दुसरा पुरावा हवा. हा माणूस तीस वर्षं माणसांच्या हाताची मापं घेत आला, बंदुकांची नाही, हे न्यायाधीशाला डोळ्यांनी दिसायला हवं.

येत्या सव्वीस तारखेला, बुधवारी, चंद्रपूरच्या कोर्टात जामिनाची सुनावणी आहे. कापणी जोरात आहे, एक दिवस बुडेल, माहीत आहे. गिरजाबाईने कालच विळ्याचं पातं मुठीतून ठोकून बाहेर काढलं. विळा नेला तर हत्यार म्हणून अडवतील ना. इब्राहीमभाऊच्या हातचं काही तुमच्या घरी असेल, तर तुम्हीही तेच करा. पातं घरी ठेवा. मूठ घेऊन या.