बखीतची शुक्रवारची गाडी

बखीत आमच्या गल्लीतल्या सहा मजली इमारतीचा रखवालदार. जिन्याखालच्या खोलीत एकटा राहून त्याला सव्वीस वर्षं झाली होती. बायको नफीसा गावाकडे, दूर दक्षिण इजिप्तमधल्या सोहागजवळ. "कैरोत येऊन ती करणार काय?" असं तो म्हणायचा. खरं म्हणजे त्या खोलीत दोन माणसं आडवी झालीच नसती. माझं इस्त्रीचं दुकान समोरच, त्यामुळे मला सगळ्यांचं सगळं कळतं आणि मी ते तोंडावर बोलून दाखवतो.

आमचं उपनगर गिझाच्या दक्षिणेला. कैरोकडे जाणारी सोहागची गाडी शुक्रवारी सकाळी नऊला इथे दोन मिनिटं थांबायची. गाडीत चहा विकणारा शहात बखीतच्याच गावचा. नफीसा त्याच्याबरोबर टोपली पाठवायची: उन्हात फुगवून भाजलेल्या जाड रोट्या, तूप, सुकवलेली भेंडी. सोबत तोंडी निरोप, कारण दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मोबाईल अजून यायचे होते. शहात दारातूनच ओरडायचा, "काळी शेळी व्याली! दोन पिल्लं! आणि वहिनी म्हणते, गुडघ्याला तेल लाव!" फलाटभर लोक हसायचे. असे टोपल्यांसाठी आलेले तीस-चाळीस जण तरी असायचे. मोठ्या स्टेशनवर जायचं तर दोन बस बदलून अर्धा दिवस मोडतो, आणि बखीतची मालकीण त्याला अर्ध्या तासाच्या वर दार सोडू देत नसे.

एका शुक्रवारी रेल्वेचा माणूस वही-पेन घेऊन फलाटावर आला. फलाटाचं तिकीट आमच्यातल्या कुणी जन्मात काढलेलं नाही. बखीतला वाटलं, हा दंड करायला आलाय. त्यानं सगळ्यांना भिंतीमागे पिटाळलं. दोन म्हाताऱ्यांकडे कैरोची तिकिटं होती, घाईघाईत त्यांनाही पिटाळलं आणि त्यांची गाडी चुकली. मग साहेबाला खुर्ची दिली, चहा पाजला.

"काका, इथे किती लोक चढतात-उतरतात?"

"इथे कोण मरायला येतंय, साहेब! कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

"आणि ते भिंतीमागून डोकावतायत ते?"

"ते होय? आमची गावाकडची माणसं. सावली दिसली की बसतात."

साहेबानं हसून वहीत काहीतरी लिहिलं आणि तो निघून गेला. बखीत त्या दिवशी गल्लीतून मिशीला पीळ देत आला.

दोन महिन्यांनी स्टेशनवर कागद लागला. प्रवासी नसल्यानं सोहागची गाडी यापुढे इथे थांबणार नाही. मीच तो बखीतला वाचून दाखवला.

"म्हणजे तो माणसं मोजायला आला होता?"

"हो, शहाण्या! आणि तू सगळी लपवलीस!"

लोकांनी त्याला चार-चार शब्द सुनावले. सगळ्यात जास्त मी. नंतर मी रेल्वेला अर्ज लिहून दिला, त्याला उत्तर आलं नाही. टोपल्यांची माणसं हळूहळू पांगली. बखीत मात्र दर शुक्रवारी जातच राहिला.

"डोकं फिरलंय का तुझं? थांबत नाही ती," मी एकदा म्हणालो.

"शहात दारात उभा असतो."

"मग? धावत्या गाडीतून टोपली फेकणारे का तो?"

"नाही रे. तो गावी जाऊन तिला सांगतो, बखीत दिसला, उभा होता. एवढंच कळतं तिला."

मला त्याची फार दया आली, आणि माझ्याच जिभेची लाज वाटली.

त्या हिवाळ्यात त्याला सडकून ताप भरला. तीन दिवस पोटात काही नाही. मी सूप घेऊन गेलो तर हा गडी भिंत धरून जोडे शोधत होता.

"झोप गुपचूप," मी ओरडलो.

"आज शुक्रवार."

शेवटी खांद्याचा आधार देऊन मीच त्याला फलाटावर नेलं. लांबून गाडी दिसली तसा तो म्हणाला, "तू खाली बस. तू दिसलास तर शहात सांगेल, कुणीतरी धरलं होतं."

मी त्याच्या झग्यामागे गुडघे टेकून बसलो आणि दोन्ही हातांनी त्याची कंबर घट्ट धरली. गाडी धडधडत गेली तेव्हा त्यानं हात उंच करून हलवला. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी त्याला सोडलं नाही.