तिसऱ्या पानावरची बातमी

आमच्या वरवटात पेपर एकच यायचा, आणि ज्या घरी यायचा त्या घरच्या मालकाला अक्षर दिसत नव्हतं.

हिंमतरावांच्या डोळ्यांवर साठीच्या आतच पडदा आला. माणूस कोणता, बैल कोणता, एवढं अंदाजानं कळायचं. कागदाकडे पाहिलं की नुसतं धुकं. पण अमरावतीच्या साप्ताहिकाची वर्गणी काही त्यांनी मोडली नाही. शेगावच्या ठेसनावर गठ्ठा उतरायचा, डाकवाला पूर्णा नदी ओलांडून यायचा, आणि मंगळवारी दुपारी हिंमतरावांच्या ओसरीवर पेपरावरची पट्टी फाटायची. पट्टी फाडायचा मान हिंमतरावांचा. वाचायचा मान त्यांच्या पुतणीचा, कोकिळेचा.

ही गोष्ट कोकिळेची आहे. इंग्रजांच्या सीपी-वऱ्हाड प्रांतातली, चहा नुकता खेड्यात आला होता त्या दिवसांतली.

कोकिळा तेव्हा चौदा वर्षांची. उंच, हडकुळी, चालताना आपल्याच पायात अडखळणारी. पण वाचायला बसली की काय आवाज! ज्वारीच्या उभ्या पिकातून वारा जावा तसा, कुठे अडायचा नाही. त्या वर्षी ती सातवी पास झाली. गावात सातवी पास झालेली पहिली मुलगी. पास झाल्यावर पुढे काय करायचं हे मात्र गावाला माहीत नव्हतं, कारण आजवर कोणावर ती वेळच आली नव्हती.

माहीत होतं ते अर्जुनराव मास्तरांना. त्यांनी तिला सांगितलं, "अमरावतीला शिक्षिका तयार करायची शाळा आहे. दिवाळीच्या आत अर्ज गेला पाहिजे. निबंध लिहावा लागतो. विषय मी सांगतो, सराव कर. वर्तमानपत्र आणि आपले जीवन."

निबंध सोपा होता. कठीण होते हिंमतराव. कोकिळेचे वडील शेषराव भावापुढे कधी बोलले नाहीत. त्यांनी एकदाच विषय काढला, तर हिंमतराव म्हणाले, "अमरावती दूर आहे." झालं. येत्या उन्हाळ्यात लग्न उरकायचं, एवढंच पुढे ठरलं. अमरावती दूर होती हे खरं, पण खरं कारण वेगळं होतं. ते घरातल्या मांजरीलाही माहीत होतं, आणि हिंमतराव ते मेले तरी बोलले नसते. पोरगी गेली तर पेपर कोण वाचणार?

कोकिळा वहीत निबंध लिहायला बसायची. मास्तरांनी दिलेलं पहिलं वाक्य होतं, 'वर्तमानपत्र हे ज्ञानाचे भांडार आहे.' ते तिनं लिहिलं आणि पेन्सिल थांबली. तिच्या ओसरीवर जे घडत होतं ते या वाक्यात मावत नव्हतं. मग तिनं खाली आपलं लिहिलं, 'पेपर एकच येतो. मंगळवारी दुपारी तो एका घरात असतो. बुधवारी सकाळी सगळ्या घरांत असतो, पण कागद कोणाकडेच नसतो.'

कारण वाचन ऐकून झालं की हिंमतराव काठी घेत आणि पारावर जात. तिथे त्यांचा पेपर निघे. कोकिळेच्या पेपरात मलकापूरकडे सुपारीएवढी गार पडली असली, तर पारावर पोचेपर्यंत ती नारळाएवढी होई. आणि त्यांचे दोस्त उकंडराव मांडीवर थाप मारून म्हणत, "छापून आलं म्हणजे असनच बे!"

घरात तर पेपरानं उच्छाद मांडला होता. राखुंडी गेली, डबीतलं दंतमंजन आलं. सकाळचं ताक गेलं, चहा आला. एकदा कोकिळेनं वाचलं की मुळा पोटाला चांगला. दुसऱ्या दिवसापासून हिंमतराव रोज मुळा मागू लागले.

सत्यभामाबाई, त्यांची बायको, कोकिळेची मोठी आई, परसातून मुळे उपटून आणायची आणि ओसरीवर आदळायची. "तीस वर्सं झाली, मी सांगून राह्यली, मुया खात जा, पोट साफ राह्यते. तवा म्हणे वास येते. आता पेपरानं सांगितलं, तर वास गेला!"

"अवं, पेपरात डाक्टर लोक लिहितात."

"मंग मले बी छापून आना. मंग तरी माह्यं ऐकान."

हे वाक्य तिनं रागानं म्हटलं, हिंमतराव हसले, आणि मुळा खाल्ला गेला. पण कोकिळेच्या डोक्यात ते वाक्य पावसात रुजलेल्या तुरीसारखं वर आलं. तिनं वहीत लिहिलं, 'मी जे वाचत नाही ते गावात घडत नाही. मागच्या मंगळवारी घाईत एका पुलाची बातमी गाळली. तो पूल वरवटात अजून बांधला गेलेला नाही.' मग तिला प्रश्न पडला. जे गाळलं ते घडत नाही, तर जे घातलं ते घडेल का?

दसरा झाला. कापूस फुटला, वेचणी लागली. अर्जाला वीस दिवस उरले. त्या मंगळवारी पेपर आला. हिंमतरावांनी पट्टी फाडली, पेपर तिच्याकडे दिला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. सत्यभामाबाई समोर तूर निवडत होती. कोकिळेनं पहिलं पान वाचलं. त्यावरचा खामगावच्या मंडईतला कापसाचा भाव वाचला, कोणा साहेबाचा दौरा वाचला, केसांच्या तेलाची जाहिरातही वाचली. मग हलकेच वही पेपरावर ठेवली आणि म्हणाली, "तिसऱ्या पानावर एक बातमी आहे, मोठेबाबा."

"वाच."

"वऱ्हाडातील प्रतिष्ठित घराण्यांतील मुली अमरावती येथील शिक्षिकांच्या शाळेत दाखल होत असून, बुलढाणा जिल्ह्यातील पाच गावांहून मुली आल्या आहेत. ज्या गावांहून अद्याप एकही मुलगी आली नाही, त्या गावांविषयी लोक आश्चर्य व्यक्त करीत आहेत."

हे तिनं तीन दिवस खपून लिहिलं होतं. शेवटच्या वाक्यावर तिचा विशेष जीव होता.  हिंमतराव म्हणाले, "पुढं?"

"पुढं काही नाई."

"बरं," म्हणाले, काठी उचलली आणि निघाले.

पारासमोर विहीर आहे. कोकिळा घागर घेऊन धावली. इतक्या वेळा त्या घागरीत पाणी भरलं आणि ओतलं की विहिरीलाही नवल वाटलं असेल. पारावर हिंमतरावांनी कापूस सांगितला, साहेब सांगितला, आणि मग घसा खाकरून ती बातमी काढली. पाच गावांची पन्नास झाली. शाळेच्या दारात साहेबाची मेम स्वतः उभी राहून पोरींना हात धरून आत नेऊ लागली.

 कोकिळेच्या हातातला दोर थांबला.

मग उकंडराव बोलले. "पन्नास गावं? आन् आपलं नाव नाई?"

"नाई."

"लोक काय म्हणून राह्यले?"

"आश्चर्य करून राह्यले."

"घ्या!" उकंडराव उठून उभे राहिले. "काबे हिंमत, पेपर येते तुह्या घरी, सातवी पास पोरगी तुह्या घरी, आन् नाव जाते गावाचं! माह्या घरी पेपर नाई, पण माही पुष्पी उद्या शाळेत जाते. पाह्यजो तू!"

"हाव, पाह्यतो."

आणि खरंच गेली. दुसऱ्या दिवशी उकंडरावांची नात, सात वर्षांची पुष्पा, शेंबूड पुसत शाळेच्या पट्टीवर येऊन बसली. तिच्या मागे आणखी दोघी आल्या, कारण उकंडरावांची नात जाते म्हटल्यावर इतरांना घरी कसं बसवणार? आठवड्यात तीन मुली. कोकिळेला रात्री झोप येईना. बातमी तिनं एका माणसासाठी केली होती. ती सुटली ती मोकाट वासरासारखी, कोणाकोणाच्या वावरात शिरली. आणि ज्याच्यासाठी सोडली होती तो माणूस मात्र तिच्यापाशी अमरावतीचं नावही काढत नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी अर्जुनराव मास्तर आनंदानं आले. "हिंमतराव, तुमच्या पेपरानं कमाल केली. मला तो अंक द्या जरा. ती बातमी कापून शाळेत डकवतो."

कोकिळा दारात उभी होती.  अंक कुठे आहे हे तिला दिसत होतं. हिंमतरावांच्या घोंगडीखालून त्याचा कोपरा बाहेर आला होता.

हिंमतराव हलले नाहीत. "तो अंक व्हय? तो... घरात इचारा."

आणि आतून, कोणी विचारायच्या आधीच, सत्यभामाबाईचा आवाज आला. "चुलीत गेला, मास्तर! लाकडं ओली व्हती."

मास्तरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. घोंगडीकडे पाहिलं. कोपऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कोकिळेकडे. मास्तर लहान गावात वीस वर्षं काढलेले, अक्षरापेक्षा जास्त वाचता येणारे. "गेला तर गेला," ते म्हणाले, "शाळेचा पत्ता माझ्याजवळ आहेच. अर्जाला आठ दिवस आहेत फक्त." आणि चहा न घेता गेले.

 हिंमतरावांनी घोंगडीखालून अंक काढला आणि मांडीवर ठेवला.

"कोकी, इथी बस."

ती बसली.

"मले डोये नाईत, कान आहेत. तू पह्यलं पान वाचलं, आन् एकदम तिसऱ्यावर गेली. पान काही उलटलं नाई."

कोकिळेचे डोळे भरून आले. "चुकलं, मोठेबाबा. मी पारावर जाऊन सांगते, खोटं व्हतं म्हणून."

"थांब बे." मुलीला ते असंच म्हणायचे. "याच्या आधी काय काय खोटं वाचलं?"

"खोटं काहीच नाई. एक पूल गाळला."

"कोणता पूल?"

तिनं सांगितला. हिंमतरावांनी मान हलवली, जणू आता कुठे तो पूल एकदाचा उभा राहिला.

"तुमाले कळलं व्हतं," ती हळूच म्हणाली, "तर मंग पारावर काऊन सांगितलं?"

हिंमतरावांनी अंकावरून हात फिरवला. "मीच म्हटलं असतं का माही पुतणी अमरावतीले जाते, तर पार हसला असता. म्हणून पेपराच्या तोंडानं म्हटलं. हसले असते, तर म्हटलं असतं, पेपरवाले बाता मारतात. आपल्या घरचं काय जाते?" त्यांनी काठी जवळ ओढली. "पण कोणी हसलं नाई. उकंड तर उठून उभा राह्यला. मले काय मालूम, लोक तयारच बसले आहेत! मीच एकटा मांगं व्हतो."

आतून सत्यभामाबाई म्हणाली, "आता सांगा पोरीले. मुकाट बसू नका."

"सांगतोच व्हतो! तुह्या तोंडाले दम नाई." मग कोकिळेकडे वळून, "पन्नास गावं सांगितली म्या चारचौघांत. आता आपलं एक तरी खरं झालं पाह्यजे. लिही अर्ज. आन् शेषरावले बंडी काढाले सांग, शेगावले जाऊन टपाल टाक. इथल्या डाकवाल्याचा भरोसा नाई, तो पूर्णेवर अंघोळ करत बसते."

अर्ज गेला. निबंधात कोकिळेनं मास्तरांचं भांडार ठेवलं, कारण ते छान दिसत होतं. पण खाली आपलं लिहिलं. 'पेपर छापणारे छापतात, वाचणारा वाचतो आणि सांगणारा सांगतो. प्रत्येक जण त्यात थोडं घालतो किंवा थोडं काढतो. म्हणून वाचणाऱ्याचा हात स्वच्छ पाहिजे. माझा एकदा नव्हता.' हे वाक्य ठेवावं की खोडावं यात तिचा एक दिवस गेला. ठेवलं. अमरावतीच्या बाईंनी त्याच वाक्याखाली लाल रेघ मारली, आणि तिला घेतलं.

दिवाळीनंतर ती गेली. पुढच्या मंगळवारी पेपर आला. हिंमतरावांनी पट्टी फाडली, पेपर मांडीवर घेतला आणि नेहमीसारखे भिंतीला टेकले. कोणी वाचेना. मग उठले, पेपर बगलेत मारला आणि काठी टेकत शाळेत गेले.

"मास्तर, त्या तीन पोरींतून कोणाले वाचता येते?"

"अजून बाराखडीवर आहेत, हिंमतराव. आणा, मी वाचून दाखवतो."

"नाई. तुमी नका." ते शाळेच्या ओट्यावर बसले. "मी थांबतो."

त्या हिवाळ्यात वरवटाला बातम्या फार उशिरा कळल्या. पौषात कार्तिकातला कापसाचा भाव निघाला. पारावर उकंडराव ओरडायचे, "हिंमत, दुनिया बंद पडली काय बे?" हिंमतराव म्हणायचे, "तुह्या नातीले इचार. तिच्याच हाती आहे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकिळा शेगावहून बंडीनं आली. मंगळवार होता. ओसरीवरून बारीक, चिडका आवाज येत होता. ती अंगणातच थांबली. पुष्पा जमिनीवर पालथी पडून पेपरावर बोट ठेवून वाचत होती. सत्यभामाबाई मुळे चिरत होती.

"खा-म-गा-व ये-थे... मु-न्-शी... मु-न्-सि..."

पुष्पा अडली. तिनं वर पाहिलं, कोकिळेला पाहिलं, आणि मदतीसाठी तोंड उघडलं. कोकिळेच्या ओठांवर 'म्युनिसिपालिटी' हा शब्द आला होता. तिनं तो गिळला.

"घाई नाई," भिंतीला टेकलेले हिंमतराव डोळे मिटूनच म्हणाले. "दिवस मोठा आहे. वाच."