तार तुटल्याची खूण

काचेच्या पलीकडे सुनंदाची, माझ्या बायकोची, तिसरी केमो चालू होती आणि अलीकडे बाकड्यावर मी डुलक्या काढत होतो. संसर्ग नको म्हणून नातेवाइकांना आत बसू देत नाहीत. बाटलीतून थेंब पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता. एसीची घरघर ऐकता ऐकता वाटू लागलं, मी सुरतेत, उधन्याच्या आमच्या खात्यातच आहे. उन्हाच्या पट्ट्यात बारीक तंतू तरंगत होते, तिथे तरंगतात तसेच.

खातं म्हणजे मागांची शेड. मी तिथे जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. तिथल्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळं खुणांवर चालतं. दोन बोटं कात्रीसारखी मिटली की तार तुटली, म्हणजे धागा तुटला. तळवा खाली दाबला की मशीन बंद. मूठ वर उचलली की चालू. बंद कोणीही करावं. चालू मात्र ज्याचं मशीन त्यानेच करायचं, नाहीतर कुणाची तरी बोटं जातात. सुनंदाने दहा वर्षं त्याच खात्यात बॉबिन भरल्या. तिच्या खुणा माझ्याहून साफ.

त्या सकाळी तोंडभर फोड असूनही ती घरी कशीबशी बोलली होती, "आते पुरं व्हयनं. माले नही जानं." मी रिक्षा बोलावली. ती बसली. पण तिच्या त्या 'पुरं'ची मला आजाराहून जास्त भीती वाटत होती.

डुलकीत ती दिसली. दोन बोटं मिटत होती, उघडत होती. मी चपलांसकट आत धावलो आणि तिच्या बाजूला मागाचं हँडल चाचपू लागलो! हाताला पलंगाचा गार दांडा लागला तेव्हा जाग आली. पण तिची बोटं खरोखरच मिटत होती. बेलचं बटण गादीखाली घसरलं होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी नळीवरचं चाक फिरवून थेंब बंद केला.

नर्स धावत आली. "काका, चप्पल बाहर! सलाईन को हाथ क्यूँ लगाया?"

"तार टूट गया, बेन."

"क्या?"

मी सुनंदाचा हात दाखवला. सुईभोवती लाल सूज आली होती. औषध शिरेबाहेर उतरत होतं. नर्सने लगेच डॉक्टरांना बोलावलं.

"वेळेवर बंद झालं, नाहीतर कातडी जळाली असती," डॉक्टर म्हणाले. "पण पुढच्या वेळी हात लावू नका, ओरडा."

"साहेब, ओरडायची सवयच नाही आम्हाला."

मला पुन्हा काचेबाहेर काढलं. हातावर उपचार झाले, नर्स दुसऱ्या हातात सुई लावायला तयार झाली. डॉक्टर सुनंदाजवळ वाकले. आज पुढे चालू ठेवायचं का, असं विचारत असावेत. तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पाठीमागे धरले. मशीन तिचं होतं, मला बोलायचा हक्क नव्हता.

मग सुजलेल्या हाताची मूठ हळूच वर उचलली.

आता केमोच्या दिवशी मी दोन कप चहा पिऊन जातो. जॉबरने ड्यूटीवर झोपायचं नसतं.