दोनशे चाळीस काप

चामड्याच्या पिशव्यांच्या त्या कारखान्यात मास्तरांच्या शब्दाला वजन होतं. वीस वर्षं ते कातडं कापत होते आणि तितकीच वर्षं तिथल्या बायका त्यांनी घडवलेल्या छोट्या सुऱ्या वापरत होत्या. जुन्या करवतीच्या पात्यांतून घासून काढलेली, बोटभर लांबीची, लाकडी मुठीत पक्की बसवलेली सुरी. ‘मास्तरांची सुरी’ म्हणूनच सगळे तिला ओळखत. मास्तरांना हे नाव फार गोड लागे.

पण अलीकडे बायकांची मनगटं दुखायला लागली होती. धार लवकर जात होती. मालकीणबाई म्हणाल्या, “मास्तर, दोन-तीन प्रकारच्या सुऱ्या पारखून बघू. तुमच्या मेव्हण्यानंही एक दिलीय म्हणे.”

मेव्हणा म्हणजे मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. एका कामावर टिकला तर शपथ. मास्तरांनीच त्याचं नाव ‘धरसोड्या’ पाडलं होतं आणि घरच्या जेवणावळीत ते चारचौघांत घेतलंही होतं. तो हसून सोडून द्यायचा. गेलं वर्षभर मात्र तो आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीपाशी बसून होता, पोलाद तापवत, ते कडक व्हावं म्हणून त्याला पाणी पाजत.

पारख मास्तरांवरच सोपवली होती. रीत साधी: जाड सुतळी लाकडावर ठेवून कापत जायची, दर वीस कापांनी वर्तमानपत्राचा कागद धरून बघायचा. कागद फाटायला लागला की धार गेली.

आदल्या दिवशी मास्तरांनी घरी, कोणी नसताना, मेव्हण्याच्या सुरीची पारख करून बघितली. दोनशे काप झाले तरी कागद लोण्यासारखा कापला जात होता. त्यांची स्वतःची एकशे चाळीसला थकली होती. मास्तर बराच वेळ सुतळीच्या तुकड्यांकडे बघत बसले. मग उठले आणि त्या सुरीची धार मोरीच्या दगडी कडेवरून एकदा ओढली. हलकेच. आवाजसुद्धा धड झाला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर कापणी झाली. दुकानातून आणलेल्या सुरीची धार साठ कापांना गेली. मास्तरांची एकशे चाळीसला. मेव्हण्याच्या सुरीनं चाळिसालाच कागदाच्या चिंध्या केल्या.

“दिसायला देखणी, कामाला पाहुणी,” एक बाई म्हणाली, आणि हशा पिकला.

मेव्हण्यानं सुरी हातात घेतली, नखावरून धार फिरवली. मास्तरांना वाटलं, आता याला कळणार. पण तो मान खाली घालून म्हणाला, “पाणी देताना माझंच काहीतरी चुकलं असणार, भावोजी. तुमचा उगाच वेळ घेतला.”

तो भांडला असता तर मास्तरांनी शब्दाला शब्द दिला असता. हे मात्र त्यांना गिळवेना. चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. आरशासमोर दाढी करताना ते स्वतःच्या डोळ्यांकडे बघायचं टाळू लागले.

पाचव्या दिवशी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, तो सगळ्या सुऱ्या मोडून टाकतोय. तुम्ही तरी जाऊन समजवा. तुमचं ऐकतो तो.”

मास्तर तसेच निघाले. शेडमध्ये मेव्हणा एकेक सुरी पकडीत आवळून, हातोडीच्या एका फटक्यात तोडत होता. जमिनीवर सात तुकडे पडले होते. प्रत्येक तुकड्याचं तुटलेलं तोंड तो उजेडात धरून बघत होता.

“बघा ना, भावोजी. पोलादाचा दाणा तर बारीक आहे, म्हणजे पाणी नीट बसलंय. मग चूक कुठे झाली?”

“हात थांबव,” मास्तर म्हणाले. “चूक तुझी नाही. मी ती सुरी दगडावर ओढली होती. मुद्दाम.”

हातोडी ठेवल्याचा आवाज झाला.

“ताईला माहीत आहे?”

“नाही.”

“मग आधी तिला सांगा. नंतर कारखान्यात. मला सांगून काय होणार?”

बायकोनं सगळं ऐकलं आणि निवडलेली भाजी उचलून आत गेली. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. कारखान्यात मास्तर कापायच्या टेबलापाशी उभे राहिले. त्यांनी दगडाची गोष्ट कमी न करता सांगितली. कोणी हसलं नाही. हशा पिकवणारी बाई तर खाली मान घालून हातातला धागा गुंडाळत बसली, जणू चोरी तिचीच पकडली गेली होती.

पुन्हा कापणी झाली, मोडण्यातून वाचलेल्या सुऱ्यांतली एक घेऊन. या खेपेला सुरी त्या बाईच्याच हाती दिली. दोनशे चाळीस काप झाले, तेव्हा कुठे कागद फाटला. मालकीणबाईंनी सगळ्यांसाठी त्याच सुऱ्या मागवल्या. मास्तरांना कामावरून काढलं नाही. ते बरं झालं की वाईट, हे मास्तरांना अजून ठरवता आलेलं नाही.

मेव्हणा घरी येतो, ‘भावोजी’ म्हणतो, ताटावर बसून पोटभर जेवतो. पण नवं पातं तयार झालं की पारखायला नेतो ते त्या बाईकडे. ती कापत जाते. मास्तर शेजारी बसून काप मोजतात, आणि मोजताना मोठ्यानं आकडे म्हणतात, सगळ्यांना ऐकू जातील असे.